कामगाराला कामावरून काढताना: अंबडमधल्या एका कारखान्याचा अनुभव

आमचा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचा (संगणकावर चालणाऱ्या लेथवर सुटे भाग कातण्याचा) कारखाना आहे. बाबांनी एका लेथवर सुरू केला, आता 58 माणसं आहेत. हिशेब, खरेदी आणि माणसांचं सगळं माझ्याकडे. फेब्रुवारी 2024 मध्ये आम्ही एका जुन्या ऑपरेटरला बडतर्फ केलं. त्यावरचा वाद तडजोडीने मिटायला त्याच वर्षीचा ऑगस्ट उजाडला. गेल्या काही महिन्यांत तीन-चार ओळखीच्या कारखानदारांनी फोन करून विचारलं, "तुम्ही नेमकं काय काय केलंत?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते. ग्राहकाचं, कामगाराचं नाव मुद्दाम घेत नाही. तो माणूस आज दुसरीकडे नोकरी करतोय आणि त्याने ती सुखाने करावी.

जुलै 2023 मध्ये ग्राहकाकडून बुशचा (पोकळ नळीसारखा सुटा भाग) एक लॉट परत आला. बोअर, म्हणजे आतलं भोक, 25 मिमी, टॉलरन्स एच7. म्हणजे माप 25.000 ते 25.021 च्या मध्ये हवं. परत आलेल्या नगांमध्ये 'गो' गेज, म्हणजे भोक बरोबर असेल तर आत जायलाच हवं असं मापाचं साधन, आतच जाईना. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजला की बोअर बारीक होत जातो, आणि हे कळावं म्हणूनच दर तासाला एक नग मोजून इन्स्पेक्शन शीटवर माप लिहायचं असतं. शीट काढून पाहिली तर सगळी मापं सुरेख: 25.008, 25.010, 25.008. मग क्वालिटीच्या मुलाने बोट ठेवलं एका ओळीवर. त्या दिवशी दुसऱ्या पाळीत संध्याकाळी सहा वीस ते पावणेनऊ लाइट नव्हती. आमचा जनरेटर कॉम्प्रेसर आणि ऑफिसपुरताच, मशीन त्यावर चालत नाहीत. जनरेटरच्या लॉगबुकात वेळ लिहिलेली, मशीनचा काउंटर 51 नगांवर थांबलेला. आणि शीटवर सात वाजता 62 वा नग, आठ वाजता 84 वा नग, दोन्हींची मापं मायक्रॉनपर्यंत!

ग्राहकाने 1 लाख 86 हजारांची डेबिट नोट लावली, म्हणजे तेवढं नुकसान आमच्या नावे टाकलं.

याच ऑपरेटरला अशाच कारणासाठी 2021 मध्ये आणि 2022 मध्ये लेखी ताकीद दिलेली होती. दोन्हींवर त्याची पोच होती. हे दोन कागद पुढे सगळ्यात जास्त कामाला आले, म्हणून आत्ताच सांगते: ताकीद तोंडी देऊ नका. "अरे बाबा, असं करू नको" हे कुठल्याही कोर्टात दाखवता येत नाही.

सल्ले देणाऱ्यांची नाशिकमध्ये कमी नाही. एक्सलो पॉईंटच्या टपरीवर चहा पिता पिता मला तीन सल्ले मिळाले. पहिला, केबिनमध्ये बोलवा, राजीनामा लिहून घ्या, विषय संपवा. दुसरा, गेट बंद करा, आठ दिवसांनी आपोआप जाईल. तिसरा, मस्टरवरून नाव कमी करा आणि 'न सांगता गैरहजर' असं दाखवा. हे सल्ले देणारी मंडळी स्वतः कोर्टाच्या तारखांना जातात हे मला माहीत होतं, त्यामुळे मी सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) बसणाऱ्या, कामगार कायद्याचंच काम करणाऱ्या एका वकिलांकडे गेले. एकूण फी 45 हजार ठरली.

वकीलसाहेबांनी गुन्हा काय हे सोडून आधी भलतंच विचारलं. माणसं किती? हा माणूस काम काय करतो? किती वर्षं झाली? आणि कारखान्याविषयी कुठला कामगार वाद कामगार कार्यालयात किंवा कोर्टात चालू आहे का?

प्रत्येक प्रश्नाला कारण होतं. त्या वेळी महाराष्ट्रात 50 किंवा जास्त कामगार असतील तर स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या लेखी नियमांचा, 1946 चा कायदा लागू व्हायचा. स्वतःचे स्थायी आदेश मंजूर करून घेतले नसतील तर सरकारचे आदर्श स्थायी आदेश आपोआप लागू. आमचं तसंच होतं. गैरवर्तन म्हणजे काय याची यादी त्यात दिलेली असते: चोरी, अफरातफर, मारामारी, कामावर दारू पिऊन येणं, कायदेशीर आदेश न मानणं, सवयीने गैरहजर राहणं, कामात वारंवार हयगय. आरोप त्या यादीतल्या कुठल्या कलमात बसतो ते दाखवावं लागतं. 'मालकाचा विश्वास उडाला' असं कलम त्यात नाही.

कामाचा प्रश्न यासाठी की औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण 'कामगार' असलेल्याला मिळतं. इथे पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. पगार दहा हजारांच्या वर गेला की माणूस कामगार राहत नाही, असं मला एका अनुभवी कारखानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. ती दहा हजारांची मर्यादा फक्त सुपरवायझरी काम करणाऱ्यांसाठी होती. मशीनवर हात चालवणारा ऑपरेटर कितीही पगार घेत असला तरी कामगारच.

आणि वाद चालू आहे का हे यासाठी की पगारवाढीचा वगैरे वाद प्रलंबित असताना त्यात गुंतलेल्या कामगाराला बडतर्फ करायचं झालं, तर त्याच कायद्याच्या कलम 33 प्रमाणे एक महिन्याचा पगार द्यावा लागतो आणि जिथे वाद चालू आहे तिथेच मंजुरीचा अर्ज टाकावा लागतो. आमच्याकडे असं काही नव्हतं.

मी विचारलं, कपात दाखवून मोकळं करता येईल का? चौकशीबिवकशीच नको. ते हसले. कपात म्हणजे काम कमी झालं म्हणून माणूस कमी करणं. त्यासाठी कलम 25-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, आणि सरकारला कळवणं. शिवाय त्या कामातला सगळ्यात शेवटी आलेला माणूस आधी कमी करायचा. आमचा हा ऑपरेटर 2014 चा. त्याच्यानंतर आलेली पोरं मशीनवर उभी असताना त्याचीच कपात झाली तर ती कपात कोण मानणार? गैरवर्तनाची शिक्षा कपातीच्या नावाखाली देता येत नाही.

नाव कमी करण्याचा सल्लाही त्यांनी तिथेच निकालात काढला. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये डी. के. यादव यांच्या प्रकरणात सांगितलंय की स्थायी आदेशात 'इतके दिवस गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपेल' असं लिहिलेलं असलं तरी चौकशी न करता, म्हणणं न ऐकता माणसाला काढता येत नाही. त्या कामगाराला कोर्टाने परत कामावर घ्यायला लावलं आणि निम्मा मागचा पगारही द्यायला लावला. हे ऐकून टपरीवरच्या मंडळींचे चेहरे डोळ्यांसमोर आले.

दरम्यान लॉट परत आल्याचं कळल्यावर हा ऑपरेटर काही दिवस आलाच नाही. सुपरवायझर म्हणाला, "ताई, गैरहजेरीचाही आरोप लावून टाकू, केस पक्की होईल." पण नंतर त्याचं ईएसआयचं (कामगार राज्य विमा योजनेचं) सर्टिफिकेट आलं, आजारी असल्याचं. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात बडतर्फ करता येत नाही की दुसरी शिक्षाही देता येत नाही, ईएसआय कायद्याचं कलम 73. सर्टिफिकेट खरं की खोटं यावर आमच्याकडे चर्चा रंगली, वकीलसाहेबांनी मात्र तो विषय आरोपपत्रात घ्यायचाच नाही असं सांगून टाकलं. एक कच्चा आरोप पक्क्या आरोपालाही खाली ओढतो, हे त्यांचं मत मला पटलं.

आरोपपत्राचा पहिला मसुदा सुपरवायझरने लिहून आणला होता. त्यात होतं, 'सदर कामगाराने कामात अप्रामाणिकपणा व निष्काळजीपणा करून कंपनीचे नुकसान केल्याचे सिद्ध झाले आहे.' वकीलसाहेबांनी लाल पेनाने दोन ठिकाणी गोल केले. अप्रामाणिकपणा म्हणजे काय केलं? कुठल्या तारखेला, कुठल्या पाळीत, कुठल्या मशीनवर, कुठल्या नंबरच्या शीटवर? आणि 'सिद्ध झाले आहे' असेल तर चौकशी कशासाठी? निकाल आधीच लावलाय असं आरोपपत्रातच लिहून दिलं तर समोरच्याचं काम सोपं होतं.

अंतिम आरोपपत्र दोन पानांचं झालं, मराठीत. सोबत शीटची, लॉगबुकाच्या पानाची, डेबिट नोटेची प्रत. आरोप दोन: प्रत्यक्ष न मोजता मापं लिहून खोट्या नोंदी करणं, आणि मालकाच्या मालाचं हेतुपुरस्सर नुकसान करणं. 4 सप्टेंबर 2023 ची तारीख. त्याच पत्रात चौकशी होईपर्यंत निलंबन.

निलंबन म्हणजे बिनपगारी नाही, हे अनेकांना माहीत नसतं. पहिले 90 दिवस पगाराच्या निम्मा निर्वाह भत्ता, आणि लांबण्याला कामगार जबाबदार नसेल तर पुढे 75 टक्के. हा भत्ता वेळेवर गेला नाही तर चौकशीवरच पाणी पडू शकतं. कॅप्टन पॉल अँथनी यांच्या 1999 च्या प्रकरणात भत्ता न देता केलेली एकतर्फी चौकशी टिकली नव्हती. आम्ही दर महिन्याला पगाराच्या दिवशीच बँकेत भरायचो, आणि 'या काळात दुसरीकडे नोकरी केली नाही' असं त्याच्याकडून लेखी घ्यायचो.

पत्र घ्यायला त्याने गेटवर नकार दिला. सिक्युरिटीवाल्यासमोर दोघा साक्षीदारांच्या सह्यांनी तसं लिहून ठेवलं, एक प्रत नोटीस बोर्डावर लावली आणि पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने त्याच्या सिडकोतल्या पत्त्यावर आणि गावच्या पत्त्यावर दोन्हीकडे पाठवली. आता रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, पण पावती आणि पोहोचल्याचा पुरावा जपायचा तो तसाच. पाकीट परत आलं तर फोडू नका. पोस्टमनचा शेरा असलेलं बंद पाकीट हाच पुरावा असतो. आमचं सिडकोचं पाकीट त्याच्या बायकोने घेतलं.

ती नंतर एकदा गेटवर आली होती. मला भेटायचं म्हणाली. मी बाहेर गेले. ती काही भांडली नाही. फक्त विचारलं, "ताई, पूर्ण पगार कधीपासून येईल?" मी भत्त्याचा हिशेब सांगितला. त्या रात्री जेवण गेलं नाही. घरी बाबांशी बोलले तर ते म्हणाले, सोडून दे, चौथी संधी देऊ. तो वाद आमच्या घरात शेवटपर्यंत चालला.

खुलासा द्यायला सात दिवस दिले होते, त्याने मुदत मागितली, दिली. मागितलेली मुदत शक्यतो द्यावी. चार दिवसांनी आपलं काही जात नाही, आणि 'घाईघाईत उरकलं' हा आक्षेप मात्र महाग पडतो. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात, ज्याला सगळे 'पल्प' म्हणतात, अशा बडतर्फीची यादीच आहे: सूडबुद्धीने, खोट्या कारणांनी, गैरहजेरीचे रचलेले आरोप ठेवून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने, आणि किरकोळ चुकीला धक्कादायक मोठी शिक्षा देऊन. त्याखाली कामगार 90 दिवसांच्या आत तक्रार करू शकतो. ती यादी मी झेरॉक्स करून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती आणि प्रत्येक पाऊल टाकताना त्यावर नजर फिरवायची.

खुलाशात त्याने लिहिलं, 'शीट पाळीच्या शेवटी भरायची पद्धत सगळीकडे आहे, माझ्यावरच राग काढला जात आहे.' खुलासा समाधानकारक नाही असं कळवून चौकशी लावली. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वकील नेमले, ज्यांचा आमच्याशी आधी काही संबंध नव्हता. प्रत्येक बैठकीला साडेतीन हजार. ज्याने तक्रार केली किंवा जो साक्ष देणार, तो न्यायाच्या खुर्चीत बसू शकत नाही, त्यामुळे मी आणि बाबा दोघेही बाद. व्यवस्थापनाची बाजू मांडायला आमच्या स्टोअर्सच्या इन्चार्जला उभं केलं. तिथे वकील बसवला असता तर कामगारालाही वकील द्यावा लागला असता, दिलीपकुमार नाडकर्णी यांच्या 1983 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलंय. कामगाराला बचावासाठी सहकारी किंवा आपल्या युनियनचा पदाधिकारी आणता येतो. त्याने शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर आणला. माणूस दहावी शिकलेला, पण काय तयारी करून आला होता!

9 ऑक्टोबरला पहिली बैठक झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी आधी त्याला आरोप वाचून दाखवले, समजले का विचारलं, कबूल आहेत का विचारलं, त्याचे हक्क सांगितले, आणि हे सगळं रोजनाम्यात लिहिलं. घरगुती चौकशीत किमान काय हवं हे सुर एनॅमल प्रकरणात 1963 मध्येच ठरलंय: आरोप स्पष्ट कळवणं, साक्षी त्याच्यासमोर घेणं, उलटतपासणीची संधी, स्वतःचे साक्षीदार आणायची संधी, आणि कारणांसह निष्कर्ष. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात साक्षीचं प्रत्येक वाक्य हाताने लिहायचं, प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, आणि उठताना त्याला प्रत. सही करायला नकार दिला तर 'सही करण्यास नकार' असं लिहायचं, हुज्जत घालायची नाही. आम्ही चहा त्यालाही आमच्याबरोबरच देत होतो. हे सांगायचं कारण, चौकशी चालू असताना त्या माणसाला खोलीबाहेर तिष्ठत ठेवून आपण आत चौकशी अधिकाऱ्यांशी गप्पा मारतोय असं दिसणंसुद्धा वाईट.

सुपरवायझरची उलटतपासणी मला अजून आठवते. बचाव प्रतिनिधीने शांतपणे विचारलं, "साहेब, ऑडिट असतं तेव्हा तुम्ही आम्हाला काय सांगता?" सुपरवायझर म्हणाला, रेकॉर्ड पूर्ण ठेवा. "रिकाम्या रकान्यांचं काय करा म्हणता?" सुपरवायझर गप्प. चौकशी अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायला सांगितलं. "भरून घ्या म्हणतो." खोलीत पंखा तेवढा वाजत होता. बचाव प्रतिनिधीने पुढे आणखी तीन शीट काढल्या, वेगवेगळ्या ऑपरेटरांच्या, सगळ्या एकाच पेनाने एका दमात भरल्यासारख्या. मला वाटलं, केस गेली.

खरं सांगायचं तर चौकशीचं महत्त्व मला त्या दिवशी पटलं. तोपर्यंत हा सगळा वकिलांचा खेळ वाटत होता. पण एका माणसाने खोट्या नोंदी केल्या, की अख्ख्या शॉपची ती रीत होती आणि सापडला एकटा, हा प्रश्न केबिनमध्ये बसून मला सुचला नसता. त्याला राजीनामा लिहायला लावला असता तर तो प्रश्न त्याच्याबरोबरच गेटबाहेर गेला असता.

मग क्वालिटीच्या मुलाची साक्ष झाली. उशिरा नोंद करणं आणि न मोजता नोंद करणं यात त्याने फरक दाखवला. इतर शीटवरची मापं नगांशी जुळत होती, कारण ते नग मोजून बाजूला ठेवले जात आणि लिहिलं नंतर जाई. इथे 62 वा आणि 84 वा नग त्या वेळी जन्मालाच आला नव्हता. ऑपरेटरने स्वतः साक्ष दिली, तेव्हा आमच्या प्रतिनिधीने एकच विचारलं: लाइट नसताना सात वाजता कुठला नग मोजला? तो म्हणाला, आठवत नाही.

मध्ये दिवाळी आली, त्याने पुढची तारीख मागितली, मिळाली. 3 डिसेंबरपासून भत्ता 75 टक्के झाला. बैठका डिसेंबरअखेर संपल्या. निष्कर्ष 18 जानेवारी 2024 ला आले. खोट्या नोंदींचा आरोप सिद्ध. हेतुपुरस्सर नुकसानीचा आरोप सिद्ध नाही, कारण नुकसान व्हावं असा त्याचा हेतू होता याचा काहीच पुरावा नाही. सुपरवायझरच्या उत्तराबद्दल दोन परखड वाक्यंही त्यात होती.

इथे अनेक जण थेट आदेश काढतात. तसं करू नका. निष्कर्षांची प्रत आधी कामगाराला द्यावी लागते आणि त्यावर त्याचं म्हणणं घ्यावं लागतं. बी. करुणाकर यांच्या 1993 च्या निकालाने हे पक्कं केलंय आणि ते खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. आम्ही प्रत देऊन दुसरी कारणे दाखवा नोटीस काढली: 'तुम्हाला बडतर्फ का करू नये?' त्याचं उत्तर आलं, मोठं होतं, हाताने लिहिलेलं. घरची परिस्थिती, दहा वर्षांची नोकरी, सगळेच असं करतात.

शिक्षा ठरवताना मागचं रेकॉर्ड, गुन्ह्याचं गांभीर्य आणि सौम्य करणाऱ्या गोष्टी बघाव्याच लागतात. ताकीद, दंड, थोड्या दिवसांचं निलंबन असे हलके पर्यायही असतात. बाबा म्हणत होते, पाच महिने अर्ध्या-पाऊण पगारावर घरी बसून काढले, पुष्कळ झालं. मी म्हणत होते, दोन लेखी ताकिदींनंतर तिसऱ्यांदा. वकीलसाहेबांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. एवढंच सांगितलं की चौकशी निर्दोष असली तरी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 11-ए खाली कामगार न्यायालय शिक्षा जास्त वाटल्यास ती बदलू शकतं, कामावर परत घ्यायला लावू शकतं. शेवटी त्या दोन पोच असलेल्या ताकिदींनी पारडं झुकवलं. त्या नसत्या तर मी बाबांचं ऐकलं असतं.

12 फेब्रुवारी 2024 ला आदेश काढला. त्यात निष्कर्ष, त्याचं उत्तर, मागच्या ताकिदी, हलकी शिक्षा का पुरेशी नाही, हे सगळं लिहिलं. 'व्यवस्थापनाने योग्य विचार करून' अशा एका ओळीत उरकलं नाही. देय पगार दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत, शिल्लक हक्काच्या रजेचे पैसेही.

ग्रॅच्युइटीवर मात्र आमच्या सीएंशी वाजलं. त्यांना डेबिट नोटेची रक्कम त्यातून कापायची होती. ग्रॅच्युइटी कायद्यात नुकसानीपुरती रक्कम जप्त करता येते, पण फक्त कामगाराच्या जाणूनबुजून केलेल्या कसुरीने किंवा निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीपुरती, आणि त्यासाठी वेगळी नोटीस, वेगळा आदेश लागतो. बडतर्फ केलं म्हणजे ग्रॅच्युइटी बुडाली, असं नाही. पूर्ण जप्ती दंगा, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासारख्या कारणांसाठीच. सुपरवायझरच्या त्या उत्तरानंतर नुकसानीचं सगळं खापर एकट्यावर फोडायला माझं मन तयार नव्हतं. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून 15,600, भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 9,000. नोकरी नऊ वर्षं आठ महिन्यांची, सहा महिन्यांच्या वरचं पूर्ण वर्ष धरतात, म्हणून दहा वर्षं. 90 हजार, तीस दिवसांच्या आत, बँकेत.

एप्रिलमध्ये कामगार उपायुक्त कार्यालयाची नोटीस आली. त्याने कामावर परत घेण्याची आणि मागच्या पगाराची मागणी केली होती. समेट अधिकाऱ्यासमोर (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) 45 दिवसांत काही झालं नाही तर कामगार थेट कामगार न्यायालयात जाऊ शकत होता, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. पहिल्या तारखांना नुसतं म्हणणं दाखल करणं आणि पुढची तारीख घेणं चाललं. समेट अधिकाऱ्यांनी आमची चौकशीची फाइल चाळली आणि त्याच्या प्रतिनिधीला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. नंतर सूर बदलला. त्याला खरी अडचण बडतर्फीच्या शिक्क्याची होती. नव्या ठिकाणी विचारत होते, आधीची नोकरी का सुटली?

तडजोडीचा आकडा चार लाखांवरून खाली यायला पावसाळा लागला. 8 ऑगस्ट 2024 ला समेट अधिकाऱ्यांसमोर करार झाला: बडतर्फीचा आदेश मागे, त्याच तारखेचा राजीनामा धरायचा, दिलेली ग्रॅच्युइटी कायम, वर 1 लाख 25 हजार, आणि आता कुठलाही दावा उरलेला नाही. असा करार कार्यालयात समेट अधिकाऱ्याच्या सहीनेच करा. बाहेर स्टॅम्प पेपरवर केलेला कागद 'दबावाखाली सही घेतली' म्हणून उद्या उघडू शकतो. वकील, चौकशी अधिकारी, टपाल-टायपिंग, निर्वाह भत्ता आणि ही रक्कम धरून आमचे अडीच लाखांच्या वर गेले. कोर्टात पाच-सात वर्षं गेली असती तर किती गेले असते याचा हिशेब मी केलेला नाही.

पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण लगेच भरा, नाहीतर त्याचे पैसे अडकतात आणि फोन तुम्हालाच येतात. अनुभवाच्या दाखल्यावर त्याने 'सेटर-ऑपरेटर' असं लिहून मागितलं. सेटिंग तो खरंच करायचा, म्हणून तसंच लिहून दिलं. शॉपमध्ये शीट आता मशीनवर लावलेल्या टॅबवर भरली जाते, वेळ आपोआप पडते. मागची वेळ टाकायची सोय नाही, आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी 'भरून घ्या' म्हणायचीही.

आता हे वाचून लगेच कामाला लागणाऱ्यांसाठी: वरची कलमं जुन्या कायद्यांची आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. स्थायी आदेशांची मर्यादा आता 300 कामगारांवर गेली, सुपरवायझरसाठीची दहा हजारांची मर्यादा 18 हजार झाली, कामगार न्यायालयांऐवजी औद्योगिक न्यायाधिकरणं आली, आणि निलंबित कामगाराची चौकशी साधारण 90 दिवसांत संपवायची आहे. '300 च्या खाली आहोत, आता चौकशी कशाला' असं मला एकाने उत्साहाने सांगितलं. पण बडतर्फी रद्द करायचा, शिक्षा कमी करायचा अधिकार न्यायाधिकरणाकडे आहेच, आणि तिथे पहिला प्रश्न तोच असेल: माणसाला ऐकलंत का? तेव्हा नेमणूकपत्रात गैरवर्तनाची आणि चौकशीची कलमं आजच नीट घालून घ्या, आणि आरोपपत्र पाठवायच्या आधी सध्याचे नियम वकिलांकडून तपासून घ्या.